पहिली नोंद

फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा न्हावऱ्यात सकाळपासून वीज नव्हती. स्नेहलनं मोबाईल बंद करून फडताळात साखरेच्या डब्यामागं ठेवला. उरलेलं चार्जिंग जपायचं होतं. पाचला लाईट येते, आल्यावर भरू, असं तिनं करिश्माला सांगितलं. करिश्मा 'व्हय' म्हणाली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. पण दर अर्ध्या तासानं येऊन ती बल्बाकडं बघून जायची.

करिश्मा तिची धाकटी नणंद. स्नेहल लग्न होऊन या घरात आली तेव्हा ही सहावीत होती, दोन वेण्या आणि नाकावर घाम. तेव्हापासून वेणीला वहिनी, गणिताला वहिनी, चप्पल घ्यायची तरी वहिनी. यंदा बारावी झाली, इंजिनिअरिंगची सीईटी झाली आणि पोरीला शहाण्णव पर्सेंटाईल पडले. घरात एवढे मार्क कुणी बघितले नव्हते. सासरे सावळाराम आप्पा म्हणाले, "शंभरातलं शहाण्णव? मग चार कुठं गेलं?"

"तसं नसतं आप्पा. शंभर पोरांतली शहाण्णव माझ्या मागं हायेत."

"आन् म्होरची चार कुणाची हायेत, ते बघून ठिव."

पण त्या रात्री डेअरीवर दूध घालून यायला त्यांना रोजच्यापेक्षा तासभर उशीर झाला. भेटेल त्याला सांगत बसले होते.

करिश्माला सिव्हिल करायचं होतं. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर कॉलेजांची नावं होती आणि सगळ्यांत वर, दोनदा गिरवून, पुण्यातलं एक जुनं नावाजलेलं कॉलेज. घरात कॉलेजांचं कळणारी एकटी स्नेहलच. नवरा विश्वजीत रांजणगावला कंपनीत, शिफ्टवर. तो म्हणाला, "तू बघ. मला त्यातलं काय कळत न्हाई." आणि स्नेहलनं बघितलं. जूनपासून ती दुसरं काही बघतच नव्हती. शिरूरच्या सायबर कॅफेतून तिनं प्रवेशाची माहितीपुस्तिका पानापानानं छापून आणली, पेन्सिलनं खुणा केल्या. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आप्पांना घेऊन तहसीलला चार हेलपाटे घातले. चार वर्षांची लेक नंदिनी कडेवर, एका हातात हिरवी फाईल. मोबाईल नंबरही सगळीकडं तिचाच दिला, कारण तेव्हा करिश्माकडं फोन नव्हता. त्यामुळं कुठं काही उघडायचं म्हटलं की ओटीपी वहिनीच्या फोनवर यायचा. करिश्मा समोर बसून विचारायची, "आला का?" आणि स्नेहल आकडे वाचून दाखवायची.

गावात सगळ्यांना वाटत होतं की मुलींना फी माफ झाली म्हणजे सगळं माफ. स्नेहलला माहीत होतं, पोरगी फीमध्ये राहत नाही. ती खोलीत राहते, डबा खाते, आजारी पडते, एका महिन्यात तिच्या दोन चपला तुटतात. शिरूरला बीएस्सी झाल्यावर तिला स्वतःला पुण्यात एमएस्सीला जागा मिळाली होती. सव्वा महिना गेली. मग वडील रेल्वेतून आजारपणात घरी बसले आणि खोलीचं भाडं द्यायला कुणी उरलं नाही. तो सव्वा महिना ती कुणाला सांगत नसे. पण नणंदेसाठी खर्चाचे रकाने आखले तेव्हा पुण्याच्या रकान्यात पहिला शब्द तिनं लिहिला तो 'खोली'.

पुण्याच्या कॉलेजचं वसतिगृह मोजक्या मुलींचं. तिथं नंबर लागला तर ठीक, नाही लागला तर बाहेर खोली आणि मेस, वर्षाचे नव्वद हजार तरी. सरकारचा निर्वाह भत्ता होता, तिनं तोही शोधला होता. तो मिळाला तर मिळाला, आणि वर्ष संपत आल्यावर मिळाला. दुसरा रकाना दौंडकडच्या एका खासगी कॉलेजचा. तिथं करिश्माला डोळे झाकून जागा मिळणार होती. फी माफ, आणि राहायला स्नेहलचं माहेर. दौंडात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, दोन खोल्यांचं घर. त्या रकान्यात खर्चाच्या जागी तिनं आडवी रेघ मारली होती.

त्या दोन खोल्यांत तिची आई एकटी राहत होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. भाऊ सत्यजीत चाकणला, बायकोमुलांत, सणाला येतो. आषाढात आई मोरीत पाय घसरून पडली. दोन तास तिथंच, ओल्या फरशीवर. शेजारणीला भांड्याचा आवाज आला म्हणून कळलं. साखर असल्यानं अंगठ्याची जखम अजून भरली नव्हती. तेव्हापासून स्नेहल रोज सकाळी सातला फोन लावायची. पलीकडून 'हां, बोल गं' येईपर्यंत तव्यावरची भाकरी तिला उलटता येत नसे. एकदोन भाकरी रोज करपायच्या. सासूबाई भागुबाई करपलेली भाकरी आपल्याच ताटात घ्यायच्या.

पाच वाजून गेल्यावर लाईट आली. ओसरीवर सगळे बसले. आप्पा डेअरीवरून येऊन पायावर पाणी घेत होते.

"पहिलं कुठलं टाकायचं?" करिश्मानं विचारलं. विचारलं म्हणजे, तिचं बोट पुण्यावरच होतं.

आप्पांनी धोतरानं पाय पुसले. "थांब. पहिलं म्हंजी काय, ते मला सांग."

"पसंतीनं नावं द्यायची. सगळ्यात आवडतं पहिलं."

"म्हंजी ऊस नोंदीवानीच की." ते खाली बसले. कारखान्याला ऊस घालायचा तर आधी नोंद करावी लागते आणि नोंदीच्या क्रमानं तोड मिळते, हे न्हावऱ्यात शेंबड्या पोराला माहीत. "सोपानरावानं काय केलं? लांबचा कारखाना भाव जादा देतो म्हणून पहिली नोंद तितं दिली. त्याची तोडणीची टोळी आलीच न्हाई. मग जवळच्याकडं गेला. त्यो म्हणला, पहिली नोंद आमच्याकडं केलीती का? मग बस मागं. मार्चपतुर ऊस उभा वाळला. तवा पहिली नोंद खात्रीच्या कारखान्याला द्यावी. मागनं काय त्ये भावाचं बघावं."

"आप्पा, कॉलेज म्हंजी कारखाना हाय का?"

"मग काय हाय? तितंबी गाळपच करत्यात की."

भागुबाई हसल्या. करिश्माही हसली, पण तिची नजर स्नेहलकडं वळली. "वहिनी, तसं असतं का? वर्गातली प्रेरणा म्हणत होती, वरचं न्हाई मिळालं तर आपोआप खालच्यावर जातं. काय तोटा होत न्हाई म्हणून."

तोटा होत नाही. वरचं नाव मिळालं नाही तर खालच्या नावावर त्याच मार्कांनी विचार होतो, जणू तेच पहिलं होतं. आणि पहिलं मिळालं तर मात्र तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेरीत नाव राहत नाही. एकोणिसावं पान. स्नेहलनं दोन्ही ओळींखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. फाईल तिच्या मांडीवरच होती.

तिला आई दिसली, मोरीत. मग खोली दिसली, सदाशिव पेठेतली, चार मुलींतली, आणि महिन्याच्या एक तारखेला दारात उभी राहिलेली मालकीण. ती म्हणाली, "प्रेरणाच्या काकांचं पुण्यात घर आहे. तिला वाट बघायला परवडतं. आपण जोखीम कशाला घ्यायची?"

"म्हंजी आप्पा म्हणत्यात ते बरोबर?"

"बरोबरच आहे."

करिश्मानं बोट काढून घेतलं. तिनं वही मिटली. मग म्हणाली, "बरं. तुला कळतंय. पुणं दुसरं टाक मग."

"सोयऱ्याच्या दारात लेक ठिवायची म्हंजी..." आप्पा आपल्याशीच म्हणाले. सुनेच्या माहेराकडून घ्यायचं असतं ते लग्नात. नंतर लेक नेऊन ठेवायची हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. "इहीणबाईंना इचारलं का?"

"आईच म्हणाली, येऊ दे."

"बाजरी, गूळ, दूध आपल्याकडनं जाईल. फुकट ऱ्हायची न्हाई पोरगी."

फोन थरथरला. ओटीपी आला. "आला का?" करिश्मानं विचारलं. स्नेहलनं सहा आकडे वाचले.

यादी लागली तेव्हा दौंडच लागलं, पहिल्या फेरीत, पहिल्या नंबरला. आप्पांनी शिरूरहून पेढे आणले आणि डेअरीवर वाटले. कुणी विचारलं, कसं काय जमलं, की ऊस नोंदीची गोष्ट पहिल्यापासून सुरू. "सगळी पोरं वरवर नावं टाकून बसत्यात. आपण खात्रीचं धरलं." दोन दिवसांत सबंध गावाला ती गोष्ट पाठ झाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी कटऑफच्या याद्या आल्या. स्नेहल नंदिनीला भरवत होती. एका हातानं घास, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं यादी सरकवत गेली. पुण्याचं कॉलेज, सिव्हिल, मुलींचा रकाना. पंच्याण्णव पूर्णांक आठ.

तिनं पुन्हा बघितलं. रकाना चुकला असेल, शाखा चुकली असेल. चुकलं नव्हतं. नंदिनी तोंड उघडून बसली होती. "आई, घास दे ना." स्नेहलनं घास दिला. मग यादी फोनमधून काढून टाकली, जणू ती दुसऱ्या कुणाच्या फोनवर असणारच नव्हती.

सांगावं असं तिला रोज वाटायचं. म्हशीची धार काढताना वाटायचं, करिश्माचे कपडे भरताना वाटायचं. पण सांगून जागा परत मिळत नव्हती. मग ती दुसरी गोष्ट स्वतःला सांगायची: पोरगी घरच्या माणसात राहील, पोटभर जेवेल, आम्हाला घोर नाही. खोटं त्यात काहीच नव्हतं.

प्रवेश घ्यायला ती आणि करिश्मा एसटीनं गेल्या. बाजरीचं पोतं, गुळाची ढेप, करिश्माची पेटी. भीमेचा पूल आला तसं करिश्मानं खिडकीतून वाकून खालचे खांब मोजले. कॉलेजच्या टेबलावर बसलेल्या बाईंनी गुणपत्रिका बघून चष्मा वर केला.

"शहाण्णव? आणि आमचं पहिलं टाकलं?"

करिश्मा म्हणाली, "घरच्यांनी विचार करून टाकलं."

"बरं केलंत हो. आम्हाला असे मार्क कुठं बघायला मिळतात." बाई मनापासून खूश होत्या. त्यांनी शेजारच्या सरांना बोलावून गुणपत्रिका दाखवली. स्नेहल फाईलची दोरी बांधत राहिली. बांधली, सोडली, पुन्हा बांधली.

संध्याकाळी आईच्या घरी करिश्मानं स्वतःच घमेल्यात कोमट पाणी घेतलं, आईचा पाय त्यात ठेवला आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम कुठं आहे म्हणून विचारलं. आई स्नेहलकडं बघून डोळ्यांनीच हसली. निघताना स्नेहलनं हिरवी फाईल करिश्माला दिली. "सगळे दाखले यात आहेत. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला लागतील. तारीख आली की सांग, ओटीपी माझ्याकडं येईल."

"सांगते की." करिश्मानं फाईल पेटीत ठेवली.

त्यानंतर भाकरी करपेनाशी झाली. सातचा फोन करिश्माच उचलायची. "मावशी देवाला फुलं घालत्यात. साखर एकशेचाळीस. पाय बरा हाय." मागून आईचा आवाज यायचा: "लेकीवानी करती गं पोरगी. काल मला स्टेशनपतुर चालवत नेलं." स्नेहल फोन ठेवायची आणि पुढची भाकरी थापायची. हवं होतं ते झालं होतं.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तारीख जवळ आली. स्नेहलनं कॅलेंडरवर गोल केला होता. "रविवारी भरू," तिनं सांगितलं. रविवार गेला. फोन उशाशी ठेवून बघितला, नेटवर्क बघितलं, मेसेज नव्हता. बुधवारी तिनं विचारलं.

"भरला वहिनी. सोमवारीच."

"ओटीपी?"

"नंबर बदलला. माझा टाकला. मला फोन घेतलाय ना दादानं." आणि मग लगेच, "मावशी बोलवत्यात, ठेवते."

यात काही नव्हतं. मोठी झाली, स्वतःचा फोन आला, स्वतःचा नंबर टाकला. स्नेहल दोन दिवस हेच स्वतःला सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी नंदिनीला सासूबाईंकडं सोपवून ती दौंडच्या गाडीत बसली.

उतरली तेव्हा दिवस कलला होता. माहेरच्या गल्लीत वळली तर स्टेशनकडून माणसांचा लोंढा येत होता. ऑफिसातली माणसं, भाजीच्या पिशव्या, आणि त्यांत सात-आठ पोरी, गळ्यात कॉलेजच्या पट्ट्या, पाठीला सॅक. त्यातली एक थांबली. "स्नेहलताई ना? मी शेजारच्यांची स्वाती. ओळखलं नाही?"

"केवढी झालीस. कुठं असतेस?"

"पुण्याला. इंजिनिअरिंगला. आत्ताच्या गाडीनं आले."

"सुट्टी आहे?"

"सुट्टी कशाची, रोज जाते-येते. पास आहे ना. गल्लीतल्या सहा जणी आहोत, डब्यात अभ्यास होतो." तिनं पट्टी उलटून दाखवली. करिश्माच्या वहीत दोनदा गिरवलेलं नाव त्यावर छापलेलं होतं.

स्नेहल गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. ती याच गल्लीत वाढली होती. तिचे वडील तीस वर्षं याच स्टेशनात कामाला होते, गाडीच्या आवाजावरून किती वाजले ते घरात कळायचं. दौंडातली अर्धी माणसं रोज पुण्याला जातात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण न्हावऱ्यातून पुणं म्हणजे नगर रोड, एसटी, आणि मग खोली. सात वर्षांत तिला पुण्याचा तोच एक रस्ता राहिला होता. दोन रकाने तिनं शेजारी शेजारी आखले, एकात पुणं, एकात आईचं घर, आणि त्यांच्यामधली रेघ पट्टी धरून मारली. आईला सोबत मिळाली असती. पोरीला पुणंही मिळालं असतं. भाडं शून्यच होतं.

घरात करिश्मा जमिनीवर मोठा कागद पसरून पेन्सिलनं आकृती काढत होती. आई पलीकडं भाजी आणायला गेली होती. करिश्मानं पाणी दिलं, नंदिनीची चौकशी केली, मग पुन्हा कागदावर वाकली.

"स्वाती भेटली," स्नेहल म्हणाली.

"व्हय. माझ्याएवढीच हाय ती. मार्क माझ्याहून एका दशांशानं कमी हायेत." रागानं नव्हे, बाजारभाव सांगावा तसं तिनं सांगितलं.

"करिश्मा, मला..."

करिश्मा उठली. पेटीतून हिरवी फाईल आणली, पुस्तिका काढली आणि एकोणिसावं पान उघडून तिच्यासमोर ठेवलं. पेन्सिलच्या रेघा होत्या. दुसऱ्या रेघेच्या शेवटी स्नेहलनं, स्वतःच्या बारीक अक्षरात, 'म्हणून आवडतं कॉलेज वरच' असं लिहिलेलं होतं. लिहिलेलं तिला आठवतही नव्हतं. जूनमधलं अक्षर होतं, आई पडायच्या आधीचं.

"कधी बघितलंस?"

"पहिल्याच आठवड्यात. दाखला शोधत होते."

"बोलली का नाहीस मग?"

"बोलून काय जागा मिळणार व्हती?" करिश्मानं खोडरबरानं एक रेघ पुसली, भुकटी फुंकून टाकली. "मला वाटलं, वहिनीला पैशाचं भ्या वाटलं असंल. मग मावशींचा पाय बघितला. तवा कळलं." तिनं पेन्सिल खाली ठेवली. "मला आधी सांगितलं असतंस ना, की आईपाशी कुणीतरी ऱ्हायला पायजे, तर मी आले असते. इथनं गाडीनं गेले असते. न्हाईतर पुणं सोडलंबी असतं. पण माझं मी सोडलं असतं."

दारात आईची चाहूल लागली. करिश्मानं पुस्तिका मिटून फाईलमध्ये ठेवली. "मावशींना काय सांगू नको. त्यांना वाटंल, त्यांच्यापायी झालं."

आईनं मेथी आणली होती. दोघी तिघी मिळून निवडू म्हणाली. तिघी निवडत बसल्या आणि आई पूर्ण वेळ करिश्माचं कौतुक करत राहिली.

नवरात्राच्या तोंडावर सोपानराव न्हावऱ्याच्या घरी आले, लेक प्रणालीला घेऊन. तिचा फार्मसीचा फॉर्म भरायचा होता. "आमच्यात कुणाला कळत न्हाई. तुमच्या सुनबाईनं करिश्माचं केलं, तसंच आमचंबी करा." मागल्या वर्षी ज्यांचा ऊस वाळला, तेच हे सोपानराव.

आप्पा सरसावून बसले. "सोपानराव, तुमाला तर सांगायलाच नको. पहिली नोंद..."

"खात्रीच्या कारखान्याला," सोपानरावांनी वाक्य पुरं केलं. "भोगलंय म्या. शिरूरचं पहिलं टाका. पोरीला ते पुण्याचं पायजे, पण ते मागनं."

प्रणालीनं मांडीवरच्या वहीवर हात पालथा ठेवला होता. त्या हाताखाली काय लिहिलेलं असेल ते स्नेहलला दिसत नव्हतं आणि दिसतही होतं.

"असं नसतं," स्नेहल म्हणाली.

आप्पा हसले. "काय नसतं?"

"नोंदीसारखं नसतं आप्पा. वरचं नाव टाकल्यानं खालचं जात नाही. जे सगळ्यात हवं ते पहिलं टाकायचं. नाही मिळालं तर शिरूर आहेच. काही तोटा होत नाही." मग ती प्रणालीकडं वळली. "नंबर कुणाचा दिलाय? ओटीपी तुझ्याच फोनवर येऊ दे. दुसऱ्या कुणाच्या नको."

फॉर्म भरून झाला. सोपानराव चहा पिऊन, हात जोडून गेले. आप्पा जागचे हलले नव्हते. ते अडाणी नव्हते; चाळीस वर्षं बाजार केलेला माणूस, समोरच्यानं वजनात कुठं हात लावला ते त्यांना उशिरा का होईना कळायचं.

"मग तवा का न्हाई बोललीस?"

स्नेहलनं सांगितलं. पुण्याला जागा मिळाली असती हे सांगितलं. आईचं सांगितलं. स्वातीचं, रेल्वेच्या पासचं सांगितलं. काही वगळलं नाही. भागुबाई आतून येऊन उंबऱ्यावर थांबल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. आप्पा ऐकत होते. पेढे वाटले त्या डेअरीकडं त्यांची नजर होती, ओसरीवरून तिचं छप्पर दिसतं.

"करिश्माला फोन लाव," ते म्हणाले.

तिनं लावून दिला. फोन कानाला धरायची त्यांना सवय नव्हती, ते तो तोंडासमोर धरून बोलायचे, त्यामुळं पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"आप्पा? एवढ्यात कसा काय फोन?"

"काय न्हाई. दौंडवरनं पुण्याला रेल्वे असत्यात व्हय गं?"

पलीकडं दूर कुठंतरी गाडीची शिट्टी झाली.

"असत्यात, आप्पा."

"लई असत्यात?"

"लई असत्यात. सकाळपासनं. का?"

"काय न्हाई. इचारलं." त्यांनी घसा खाकरला. "बाजरी संपत आली असंल. सोमवारच्या गाडीला देतो."

"हाय अजून, आप्पा. मावशी आन् मी, किती लागती?"

"तरीबी देतो."

फोन बंद झाला तरी आप्पा त्या काळ्या काचेकडं बघत बसले. मग उठले, दुधाची किटली उचलली, वहाणा घातल्या. स्नेहलनं फोन घ्यायला हात पुढं केला होता. त्यांनी तो तिच्या हातात दिला नाही. ओसरीच्या कडेला, तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला आणि डेअरीच्या रस्त्याला न लागता, मागच्या बांधानं निघून गेले.